जर्मन स्थलांतरितांचे वंशशोधन आणि बाप्तिस्मा-नोंदी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांतील नाती चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांच्या आधारे निश्चित करणे, ही वंशशोधनातील एक प्रस्थापित पद्धत आहे. 18व्या शतकातील पेनसिल्व्हेनियाच्या बाबतीत तिला फारसा पर्याय नाही. फिलाडेल्फिया बंदरात उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या 1727 पासून ठेवलेल्या याद्यांत मुख्यतः सोळा वर्षांवरील पुरुषांचीच नावे आढळतात. 1790 ते 1840 या काळातील जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. घरातील प्रत्येकाचे नाव 1850 पासून आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते 1880 पासून लिहिले जाऊ लागले. त्यामुळे त्यापूर्वीच्या स्त्रिया आणि मुले नावानिशी सापडण्याची सर्वांत मोठी शक्यता चर्चच्या वहीतच असते.

नोंदवहीची शिस्त या लोकांनी मायदेशातून आणली होती. ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथांचे अनेक पाळक 16व्या शतकापासून अशा वह्या ठेवत होते, तर कॅथलिक पंथात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये त्यासंबंधी नियम केले. नोंदीत सामान्यतः बाळाचे नाव, जन्माचा व बाप्तिस्म्याचा दिवस, आईवडील आणि धर्मपिता-धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे) म्हणून उभे राहिलेल्या व्यक्ती यांचा उल्लेख असतो. आईचे माहेरचे आडनाव लिहिण्याची पद्धत मात्र पाळकागणिक बदलते, आणि ते जिथे गाळले गेले आहे तिथेच संशोधनाचे खरे कष्ट सुरू होतात.

पहिली अडचण नावांची आहे. एकाच घरातील सर्व मुलगे योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान याकोब आणि मुली आना मारिया, आना बार्बारा असणे सर्रास आढळते. रोजच्या व्यवहारात दुसरे नाव चालत असल्याने तोच योहान पेटर पुढे जमिनीच्या कागदात केवळ पेटर म्हणून येतो. एखादे मूल दगावल्यास पुढच्या बाळाला तेच नाव देण्याची प्रथा होती, म्हणून एका नावाच्या दोन नोंदी दिसल्या की दफननोंदी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्त्रीच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लागे. म्युलर घराण्यातील स्त्री म्युलरिन म्हणून लिहिली जाई. इंग्रजी कारकुनांच्या हाती श्नायडरचे स्नायडर आणि म्युलरचे मिलर झाले, काही त्सिमरमान (म्हणजे सुतार) कुटुंबे तर कार्पेंटर म्हणवू लागली.

या पद्धतीचे खरे बळ धर्ममातापित्यांच्या रकान्यात आहे, आणि नवखे संशोधक नेमका तोच वगळतात. हा मान पुष्कळदा आईवडिलांच्या भावंडांना, आजीआजोबांना किंवा निकटच्या स्नेह्यांना दिला जाई, आणि बाळाला त्यांचेच नाव ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी होती. एखाद्या जोडप्याच्या सर्व मुलांच्या नोंदी क्रमाने मांडल्या आणि ते जोडपे स्वतः कोणाकोणाच्या बाळांसाठी उभे राहिले तेही शोधले, तर दोन-तीन कुटुंबे एकमेकांभोवती गुंफलेली दिसू लागतात. पहिल्या मुलीची अविवाहित धर्ममाता आईची बहीण असू शकते. पुढे तिचे लग्न झाल्यावर ती वेगळ्या आडनावाने येते आणि आईच्या हरवलेल्या माहेराचा धागा देऊन जाते. मात्र धर्मपिता म्हणजे नातेवाईकच असे गृहीत धरता येत नाही: शेजारी, जहाजावरचे सोबती आणि खुद्द पाळकाची पत्नीही या रकान्यात येतात. म्हणून मृत्युपत्र, वारसांमधील जमिनीची वाटणी किंवा विवाहनोंद यांचा दुजोरा मिळेपर्यंत असे नाते केवळ अनुमान मानावे.

नोंद सापडायची कुठे, हा प्रश्नही सोपा नाही. पाळकांची तीव्र टंचाई असल्याने फिरते पाळक दूरवरच्या वस्त्यांत जाऊन बाप्तिस्मा देत. योहान कास्पार श्टोएफर यांची 1730 ते 1779 या काळातील खासगी वही त्यामुळेच मोलाची ठरली आहे. अनेक गावांत ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्या एकाच इमारतीत उपासना करीत, तेव्हा दोन्हींच्या वह्या तपासाव्या लागतात. वही नष्ट झालेली असल्यास कुटुंबाने जपलेले ‘टाउफशाइन’ हे बाप्तिस्म्याचे रंगीत, सुशोभित प्रमाणपत्र उपयोगी पडते. अमेरिकन क्रांतियुद्धातील सैनिकांच्या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी पुरावा म्हणून जोडलेली अशी पत्रके राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. मेनोनाइट आणि आमिश या ख्रिस्ती पंथांचे लोक बालबाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही वाट मुळातच बंद असते.

अमेरिकेतील नोंदीत मूळ गावाचे नाव क्वचितच असते. अशा वेळी धर्मपित्यांपैकी एखाद्याचे गाव ठाऊक असेल तर तेथील वही आधी पाहावी, कारण एका खेड्यातील लोक अनेकदा एकत्र निघत आणि शेजारी वसत. प्रोटेस्टंट वह्यांसाठी ‘आर्किओन’ आणि कॅथलिक वह्यांसाठी ‘मात्रिकुला’ ही संकेतस्थळे आता उपलब्ध आहेत. परंतु ‘कुरेंट’ ही जुनी हस्तलिपी वाचता येणे आवश्यक आहे. काही जर्मन पाळकांनी बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीशेजारी ती व्यक्ती अमेरिकेला गेल्याचे समासात लिहून ठेवले आहे, आणि वय व आईवडिलांची नावे जुळत असतील तर त्या एका ओळीने दोन्ही देशांतील नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्याचे ठरवता येते.