ब्रेडाचा वेढा, तांब्याच्या सहा पत्र्यांवर

गोल बुरुजाच्या समोर, अगदी पायथ्याशी, एक पाचरीएवढी जागा अशी राहते की शेजारच्या बुरुजावरून झाडलेली गोळी तिथे पोचतच नाही. शत्रू तिथे बसून निवांत सुरुंग खणतो. सोळाव्या शतकातल्या इटालियन स्थपतींनी ती पाचरच बांधून काढली आणि बुरूज बाणाच्या टोकासारखा झाला. शेजारच्या बुरुजावरून मारा करायचा, तर दोघांमधलं अंतर बंदुकीच्या टप्प्यात, साधारण 200 ते 250 मीटर, हवं. त्यामुळे असा किल्ला आधी कागदावर, पट्टी-कर्कटकाने उभा राहायचा. (वसईचे टोकदार बुरूज याच घराण्यातले. 1739 मध्ये मराठ्यांनी तिथेही शेवटी सुरुंगच लावले.)

चित्रकाराची अडचण इथेच सुरू होते. डोळ्याला दिसतं तसं काढलं तर लांबचा तट आखूड होतो, अंतर मोजता येत नाही. नुसता नकाशा काढला तर वेढ्याचा थरार जातो. स्पॅनिश फौजेने 1625 मध्ये नेदरलँड्समधलं ब्रेडा जिंकलं, त्या वेढ्याचं मुद्राचित्र, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, जॅक कॅलो या चित्रकाराने सहा पत्र्यांवर केलं. त्यात खाली ठसठशीत शिपाई आणि घोडे आहेत. नजर वर सरकते तशी जमीन उभी होत जाते आणि मोर्चे, खंदक नकाशासारखे उलगडतात. दोन्ही पद्धतींचा सांधा कुठे आहे, ते चटकन सापडत नाही.

हे जमलं ते वॉर्निशमुळे. पत्र्यावर आधी एक थर चढवतात, त्यात सुईने रेघा ओढतात आणि उघडं पडलेलं तांबं आम्लाला खाऊ देतात; त्या खाचांत शाई भरून कागदावर छापतात. मेणाचा मऊ थर जवळजवळच्या रेघांमध्ये निसटतो, तिथे आम्ल शिरतं आणि काळा डाग पडतो. कॅलोने वीणेसारखी तंतुवाद्यं घडवणाऱ्यांचं, भाजून कडक होणारं वॉर्निश वापरलं. पत्रा थोडा वेळ आम्लाने खाऊ द्यायचा, लांबच्या बारीक रेघा चरबी-तेलाच्या लेपाने झाकायच्या, मग पुढच्या आकृत्यांवर पुन्हा आम्ल. तिरप्या टोकाची सुई फिरवली की एकच रेघ बारीक सुरू होऊन जाड होते. शिवाय सगळं उलटं काढायचं. विसरलात, तर डावीकडची नदी छापताना उजवीकडे जाते.

प्रत्येक छपाईला पत्रा दाबाखाली थोडा झिजतो आणि उथळ रेघा आधी जातात. म्हणूनच अशा पत्र्यांच्या शेवटी-शेवटी काढलेल्या प्रतींत लांबचे खंदक पुसट असतात, पुढचे शिपाई मात्र काळेभोर.