डोळे मिटले तरी ठोकळे पडतच राहतात

लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलो की तिथे एक ब्रिक गेम होता, पेन्सिल सेलवर चालणारा, करड्या स्क्रीनचा. त्याच्यासाठी आम्हा भावंडांत नंबर लागायचे आणि रात्री गच्चीवर आडवं झालं की डोळे मिटल्यावर पण ते ठोकळे वरून खाली येताना दिसायचे, अगदी स्पष्ट. मला वाटायचं हे फक्त मलाच होतं. खूप वर्षांनी कळलं की यावर चक्क हार्वर्डमध्ये संशोधन झालंय.

तो ब्रिक गेम म्हणजे मुळात टेट्रिस. १९८४ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोवने तो पहिल्यांदा बनवला, इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या मशीनवर. त्यात ग्राफिक्स नव्हतेच, म्हणून कंसाची चिन्हं जोडून ठोकळे केले. त्याला पाच-पाच चौकोनांचे तुकडे बसवायचं एक कोडं आवडायचं, पण त्यात १२ आकार, पळत्या खेळात ते फार होतात, म्हणून तो चार चौकोनांवर आला आणि आकार उरले फक्त ७. १९८९ मध्ये निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासोबत तो जगभर गेला.

आता एक गोष्ट आठवून बघा. ठोकळा वर दिसला रे दिसला की आपण तो फिरवायला लागतो, कुठे बसवायचा हे ठरलेलं नसतं तरी. बटण दाबत सुटायचं. हा चाळा वाटतो, पण डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं की हाच खरा विचार आहे. मनातल्या मनात आकार पाव फेरा फिरवायला जवळपास एक सेकंद जातो आणि बटणाने तेच काम सेकंदाच्या दहाव्या भागात होऊ शकतं, मग डोक्याला कशाला शिणवायचं, स्क्रीनवरच फिरवून बघायचं आणि बसतोय का ते डोळ्यांनी ताडायचं. म्हणजे विचाराचा अर्धा भाग कवटीच्या बाहेर, बोटांत आणि स्क्रीनवर चालतो! मला ही कल्पना प्रचंड आवडते, गणित करताना बोटं मोजणारी आपली आजी पण तेच करत असते की.

आणि रात्रीचे ठोकळे? हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली २७ जणांना तीन दिवस टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागतानाच्या क्षणी काय दिसतं ते विचारलं. निम्म्याहून जास्त लोकांना ठोकळे दिसले. पण खरी गंमत पुढे आहे, त्यातले पाच जण मेंदूला इजा झाल्यामुळे नवीन काही लक्षात ठेवू न शकणारे होते, त्यांना आपण हा गेम खेळलोय हेच आठवत नव्हतं, दर वेळी नव्याने शिकवावं लागे, आणि तरी त्यांच्यापैकी तिघांना झोपताना पडणारे आकार दिसले. काय दिसतंय ते सांगता येत होतं, कुठून आलं ते नाही. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. ‘मी अमुक दिवशी हे केलं’ ही आठवण मेंदूत एका जागी आणि त्या खेळाचं चित्र दुसरीकडेच साठतं, असा त्याचा अर्थ.

चित्रं साठवणाऱ्या या यंत्रणेची ताकद मर्यादित असते, एका वेळी फार काही तिथे मावत नाही. मग मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी उलटा विचार केला, की भयंकर प्रसंगाचं चित्र मनात पक्कं व्हायच्या आत तिथे ठोकळे घुसवले तर? ऑक्सफर्डमध्ये अपघातानंतर सहा तासांच्या आत हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आलेल्या ७१ जणांवर हा प्रयोग झाला. काहींना आधी अपघात थोडक्यात आठवायला सांगितलं आणि मग सुमारे २० मिनिटं टेट्रिस खेळू दिला. पुढच्या आठवड्यात अपघाताची अचानक डोळ्यांपुढे येणारी दृश्यं त्या लोकांना बाकीच्यांपेक्षा ६२ टक्के कमी दिसली.