अब्दुरहमान, अब्दुल्ला

(१८७२–१९४०). दक्षिण आफ्रिकेतील राजकीय पुढारी, डॉक्टर आणि केपटाऊनचे नगरसेवक. केप वसाहतीतील वेलिंग्टन येथे मुस्लिम कुटुंबात जन्म. आजी-आजोबा गुलामगिरीतून सुटून स्वतःच्या पायांवर उभे राहिलेले. अब्दुरहमान यांनी ग्लासगोला वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि केपटाऊनला दवाखाना थाटला.

१९०४ मध्ये ते केपटाऊन नगरपालिकेवर निवडून आले. गोरेतरांपैकी हा मान मिळवणारे ते पहिलेच. मधला थोडा काळ सोडल्यास मृत्यूपर्यंत ते नगरसेवक होते. १९१४ पासून प्रांतिक कौन्सिलचेही सभासद होते. १९०५ पासून अखेरपर्यंत ‘आफ्रिकन पोलिटिकल ऑर्गनायझेशन’ या मिश्रवर्णीयांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. नव्या संघराज्याची संसद फक्त गोऱ्यांसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्याविरुद्ध दाद मागायला १९०९ मध्ये ते केपचे माजी पंतप्रधान श्राइनर यांच्या शिष्टमंडळातून लंडनला गेले. ब्रिटिश पार्लमेंटने कायदा तसाच मंजूर केला.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम शिक्षणातले. हॅरल्ड क्रेसी या तरुणाला रंगामुळे महाविद्यालयांची दारे बंद होती. अब्दुरहमान यांनी त्याची बाजू लावून धरली आणि केपटाऊनच्या साउथ आफ्रिकन कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. पुढे डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीत मिश्रवर्णीय मुलांसाठी ट्रॅफल्गर हायस्कूल उभे राहिले, तेव्हा १९१२ मध्ये हाच क्रेसी तिथे मुख्याध्यापक झाला. नगरपालिकेतली एक जागा हाती असताना किती साधता येते, हे इथे दिसते.

भारताशीही त्यांचा थेट संबंध आला. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी (भारतीय) लोकांना वेगळ्या वस्त्यांत कोंडू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध पाठिंबा मिळवण्यासाठी १९२५ मध्ये साउथ आफ्रिकन इंडियन काँग्रेसचे शिष्टमंडळ भारतात आले, त्याचे नेते अब्दुरहमान होते. स्वतः हिंदी समाजातले नसताना त्यांनी ही धुरा घेतली, याची नोंद आपल्याकडे व्हायला हवी तेवढी झालेली नाही. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या कानपूर अधिवेशनालाही ते हजर होते. भारत आणि दक्षिण आफ्रिका सरकारांतील १९२७ च्या केपटाऊन करारानंतर ते विधेयक मागे पडले. त्याच वर्षी किंबर्ली येथे त्यांनी सर्व गोरेतरांची परिषद भरवली.

अर्ज, शिष्टमंडळे आणि गोऱ्या मित्रपक्षांशी जुळवून घेणे ही त्यांची रीत. तिशीच्या दशकातल्या तरुणांना ती पुरेशी वाटेना. त्यांची मुलगी सिसी गूल हिने १९३५ मध्ये ‘नॅशनल लिबरेशन लीग’चे अध्यक्षपद घेऊन जहाल मार्ग धरला. १९३८ मध्ये ती नगरपालिकेवर निवडून आली, तेव्हा वडीलही सभागृहात होते. अब्दुरहमान यांनी जपलेला केपमधील मिश्रवर्णीयांचा सामाईक मतदारयादीतील (गोऱ्यांबरोबर एकाच यादीत मतदान करण्याचा) हक्क १९५६ मध्ये काढून घेण्यात आला.