बरणीत मुंग्या भरल्याने वारूळ होत नाही

‘बरणीत माती भरा, चार मुंग्या सोडा, साखर टाका, वारूळ तयार!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मुंग्या काचेआड बोगदे खणतात, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे. पण बाहेर दिसणाऱ्या मुंग्या कामकरी असतात. राणी नसेल तर नव्या कामकरी जन्मत नाहीत आणि आहेत त्या हळूहळू मरून जातात. मुलांना हे बघावं लागतं, म्हणून लिहायला हवं.

राणीपासून वारूळ कसं सुरू होतं हे पडताळायचं असेल तर मुंबईत पावसाळ्याच्या तोंडाशी दिव्याखाली बघा. पंख गळालेली, जाडजूड मुंगळ्याची राणी एकटीच फिरताना सापडू शकते. वाळवीही तेव्हाच उडते. तिची कंबर जाड आणि चारही पंख सारखे. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या.

परीक्षानळीत तळाला पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, तोंडाला दुसरा बोळा. नळी अंधारात ठेवा. साखर नको: मुंगळ्याची राणी उडण्याचे स्नायू अंगातच जिरवून पहिल्या अळ्या पोसते. मातीही नको, आपल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. कामकरी बाहेर आल्या की साखरपाण्याचा थेंब आणि मेलेली माशी द्या.