आग्र्याच्या किल्ल्यातली सुरखी

सन 1565 च्या सुमारास अकबराने आग्र्याचा जुना विटांचा किल्ला पाडून तिथे तांबड्या वालुकाश्माचा नवा किल्ला बांधायला घेतला. रोज तीन-चार हजार माणसं राबत होती, असं अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल सांगतो. या कामाचं चित्र त्याने लिहिलेल्या 'अकबरनामा' या अकबराच्या राजवटीच्या इतिहासाच्या एका सचित्र प्रतीत दोन समोरासमोरच्या पानांवर आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते जपलेलं आहे. आखणी चित्रकार मिस्कीनाची, रंगकाम दुसऱ्यांचं. शाही चित्रशाळेत एक चित्र असं अनेक हातांतून जाई.

यमुनेच्या काठाला दगड घेऊन नावा लागल्यात. पाथरवट दगड फोडताहेत, मजूर उतारावरून शिळा वर नेताहेत. पण माझी नजर अडकते ती बायकांवर. त्या बसून काहीतरी कांडताहेत, कुणी डोक्यावर पाट्या वाहताहेत. बांधकामाची सगळी रसायनशास्त्राची बाजू तिथे आहे.

नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. भिंत जाड असेल तर ही हवा आत पोचायला वर्षं लागतात आणि नदीकाठच्या ओलीत काम आणखी रखडतं. भाजलेल्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली की गणित बदलतं. तिच्यातली सिलिका आणि ॲल्युमिना ओल्या चुन्याशी संयोग पावतात आणि कॅल्शियम सिलिकेटचं जाळं तयार होतं. आजच्या सिमेंटला बळ देणारा पदार्थही याच कुळातला. त्याला हवा लागत नाही, ओल असली तरी चालते, किंबहुना लागतेच. मात्र भुकटी जितकी बारीक, तितका चुन्याला भिडणारा तिचा पृष्ठभाग जास्त. जाडसर कण नुसती खडी म्हणून पडून राहतात. म्हणजे भिंतीची ताकद कांडणाऱ्याच्या मनगटावर ठरायची.

हे चित्र फोटोसारखं वाचू नये, हेही खरं. दगड उतरवण्यापासून भिंत चढवण्यापर्यंत काही वर्षांची कामं चित्रकाराने एकाच वेळी मांडलीत. दरबाराला अर्थात भव्यताच दाखवायची होती. पण मजुरीचे दर अबुल फजलच्याच 'ऐन-ए-अकबरी' या राज्यकारभाराच्या ग्रंथात सापडतात: चुन्याच्या कामातल्या पहिल्या प्रतीच्या कारागिराला दिवसाला 7 दाम, पाणक्याला 2 ते 3. एका रुपयाचे 40 दाम. विटा कांडणाऱ्याला रोजंदारी नव्हती, कामावर पैसे मिळत: 8 मण सुरखीला दीड दाम. तेव्हाचा मण साधारण 25 किलोंचा, म्हणजे दीड दामासाठी दोनशे किलो विटा कुटायच्या.