ठोसे एकाचे, लेखणी दुसऱ्याची

१८ डिसेंबर १८१० रोजी, इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेडजवळच्या माळावर, खराब हवेत टॉम क्रिब आणि टॉम मॉलिनो हे दोन मुष्टियोद्धे लढले. फेऱ्या किती झाल्या? काही पुस्तकं ३३ सांगतात, काही त्याहून जास्त. ब्रिटिश बॉक्सिंगच्या इतिहासावरचं पुस्तक हाती आलं की मी आधी हे पान काढतो. लेखकाने एकच आकडा बिनधास्त ठोकून दिला असेल, तर पुढचं सगळं जरा जपून वाचायचं. आकडा कुणाचा हे सांगितलं असेल, तर मात्र मांडी ठोकून बसायचं.

हा घोळ समजायला त्या काळची फेरी समजून घ्यावी लागते. तीन मिनिटांनी वाजणारी घंटा नव्हती, हातमोजे नव्हते. एक जण पडला की फेरी संपली. मग अर्ध्या मिनिटात त्याने रिंगणाच्या मधोमध येऊन उभं राहायचं. नाही आला तर हरला. म्हणजे फेरी दहा सेकंदांचीही असे आणि दहा मिनिटांचीही. याचा पाया जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये आपल्या लंडनमधल्या आखाड्यासाठी घातला. पडलेल्याला मारायचं नाही, कमरेखाली धरायचं नाही, हे त्याच्या नियमांत होतं. केसांबद्दल काही नव्हतं. १७९५ मध्ये जॉन जॅक्सनने डॅनियल मेंडोझाचे लांब केस एका हाताने धरले, दुसऱ्या हाताने त्याला बदडलं आणि लढत जिंकली. तक्रार करायला जागाच नव्हती!

हा मेंडोझा लंडनच्या ईस्ट एंडचा ज्यू. अंगाने फार मोठा नव्हता, त्यामुळे बचाव, पदलालित्य आणि चपळाई यांवर त्याचा भर. १७८९ मध्ये त्याने बॉक्सिंगच्या कलेवर पुस्तक काढलं, १८१६ मध्ये आठवणी छापल्या. रिचर्ड हम्फ्रीजशी त्याचं वैर रिंगणापुरतं राहिलं नाही. दोघे वर्तमानपत्रांत पत्रं लिहून एकमेकांना डिवचत होते. लढणाऱ्याने स्वतः लिहिण्याची ही परंपरा वाढायला हवी होती. वाढली नाही, कारण लेखणी लवकरच दुसऱ्याच्या हातात गेली.

पियर्स ईगन हा छापखान्यातला माणूस, खिळे जुळवणारा. १८१२ मध्ये त्याचं ‘बॉक्सियाना’ निघालं, तेव्हा त्यावर त्याचं नावही नव्हतं. ‘फॅन्सीपैकी एक’ एवढंच. फॅन्सी म्हणजे बॉक्सिंगच्या शौकिनांची जमात. त्यात लॉर्डही आले आणि कसाईही. लढतीवर पैसे लावणारे सगळेच. इनामी लढती बेकायदा होत्या, म्हणून त्या गावाबाहेर, शक्यतो दोन परगण्यांच्या हद्दीवर व्हायच्या, म्हणजे मॅजिस्ट्रेट आला तर पलीकडे सटकता यावं. हजारो लोक चिखल तुडवत जायचे खरे, पण बाकी देशाला लढत दिसायची ती कागदावरच. ईगनने त्या कागदाला स्वतःची बोली दिली. त्याच्याकडे कुणाचं रक्त निघत नाही, ‘क्लॅरेट’ वाहतं, म्हणजे तांबडी दारू. पोट म्हणजे पावाची टोपली, दात म्हणजे हस्तिदंत. आपल्याकडे कुस्तीच्या फडावर हलगीच्या तालात निवेदक जसा रंग भरतो, त्याच जातीचं हे लेखन. वाचायला मजा येते, आणि धोका तिथेच आहे. जबडा मोडल्याचा आवाज त्या गमतीत ऐकूच येत नाही.

या पुस्तकावर लिहिणारेही लगेच भेटले. एडिंबराच्या ब्लॅकवुड्स मासिकाने १८१९ पासून ‘बॉक्सियाना’ याच नावाने लेखमाला चालवली. महाकाव्याची चिकित्सा करावी अशा थाटात त्यांनी ठोशांची चिकित्सा केली. अर्धी थट्टा, अर्धं खरं प्रेम. बॉक्सिंगवरच्या पुस्तकाबद्दल लिहिताना इंग्रजी समीक्षक अजूनही ही अर्धी थट्टा सोडत नाहीत, असं मला वाटतं. आपण हे आवडीने वाचतो याची थोडी लाज, ती झाकायला विनोद.

लाज न बाळगता लिहिलं ते निबंधकार विल्यम हॅझ्लिटने. ११ डिसेंबर १८२१ ला हंगरफर्डला बिल नीटने टॉम हिकमनला हरवलं, त्यावरचा त्याचा निबंध पुढच्या फेब्रुवारीत छापून आला. निम्मा निबंध प्रवासाचाच आहे: चुकलेली टपालगाडी, न्यूबरीच्या खानावळीत न मिळालेली खाट, चुलीपाशी गप्पांत काढलेली रात्र, मग पहाटेची पायपीट. लढत येते तेव्हा एका ठोशाने हिकमनचा चेहरा क्षणभर रक्त ओकणाऱ्या कवटीसारखा होतो. त्या एका वाक्यात ईगनची सगळी दारू उतरते.

पुढचं वळण नियमांचं. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडलेल्याला उठायला दहा आकड्यांची मुदत आणली. नाव क्वीन्सबेरीच्या मार्क्विसचं, म्हणजे उमरावाचं, मसुदा जॉन ग्रॅहम चेंबर्सचा. १८९१ मध्ये नॅशनल स्पोर्टिंग क्लब निघाला. तिथे सभासद संध्याकाळच्या पोशाखात बसत आणि फेरी चालू असताना चकार शब्द काढायची बंदी. खेळ माळावरून दिवाणखान्यात आला. १९०९ मध्ये ब्रिटिश विजेत्याला मिळणारा लॉन्सडेल पट्टा आला, त्याच वर्षी आज ‘बॉक्सिंग न्यूज’ म्हणून ओळखलं जाणारं नियतकालिकही.

आणि याच काळात कृष्णवर्णीयांवरची वर्णद्वेषी मनाई पक्की झाली. ब्रिटिश अजिंक्यपदासाठी लढायचं तर आई आणि बाप दोघेही गोरे हवेत. ही अट १९४७ पर्यंत टिकली. मँचेस्टरचा लेन जॉन्सन तिच्यापायी कधीच त्या पदासाठी लढू शकला नाही. १९४८ मध्ये डिक टर्पिन जिंकला, तो ही अट उठल्यावरचा पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश विजेता. त्याचा धाकटा भाऊ रँडॉल्फ याने १९५१ मध्ये अमेरिकेच्या जगज्जेत्या शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. नुसत्या विजेत्यांच्या यादीवर बेतलेलं पुस्तक जॉन्सनला आपोआप गाळतं. लेखकाच्या मनात आकस असायचीही गरज नाही. यादीच तशी बनलेली आहे.

म्हणून पुन्हा मॉलिनो. तो अमेरिकेतून आलेला, पूर्वीचा गुलाम. त्या डिसेंबरच्या लढतीत क्रिब अडचणीत असताना गर्दी रिंगणात घुसली. ईगन क्रिबचा चाहता, तरी न्यायाने पाहिलं तर केवळ रंगामुळे मॉलिनो त्या लढतीचा नायक ठरला नाही, अशी कबुली त्यानेच देऊन ठेवली आहे. तीनच दिवसांनी मॉलिनोच्या नावाने क्रिबला पुन्हा आव्हान देणारं पत्र निघालं. ज्या लोकांत मी आसरा घेतला त्यांच्याहून माझा रंग वेगळा आहे, ही गोष्ट माझ्याविरुद्ध जाणार नाही अशी आशा आहे, असं त्यात म्हटलं होतं. सप्टेंबर १८११ मध्ये थिसल्टन गॅपला क्रिबने ११ फेऱ्यांत त्याचा जबडा मोडला. १८१८ मध्ये तो आयर्लंडात गॅलवेला मेला.

त्याचा उस्ताद बिल रिचमंड, तोही गुलामीत जन्मलेला, १८०५ मध्ये क्रिबकडूनच हरलेला. दोनशे वर्षं तो दुसऱ्यांच्या गोष्टींतलं एक पात्र होता. त्याचं सविस्तर चरित्र २०१५ मध्ये आलं. लंडनच्या पॅन्टन स्ट्रीटवर क्रिबने चालवलेला पब आज त्याच्याच नावाने उभा आहे. रिचमंडच्या स्मरणाची पाटी त्याच पबात, त्याच वर्षी लागली.