आपला फोन कोण ऐकते हे नागरिकाला का कळत नाही: संदेशांवरील पाळतीच्या कायद्याची पार्श्वभूमी

डिसेंबर 2023 मध्ये दूरसंचार विधेयक 18 तारखेला लोकसभेत मांडले गेले, 20 ला तेथे आणि 21 ला राज्यसभेत मंजूर झाले, आणि 24 ला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून 146 खासदार निलंबित झालेले असल्यामुळे विरोधी बाके जवळपास रिकामी होती. एका आठवड्याच्या आत 1885 च्या तार कायद्याची जागा घेणारा कायदा तयार झाला आणि फोन, संदेश व इंटरनेटवरील संवाद रोखून ऐकण्याचा वा वाचण्याचा सरकारचा अधिकार नव्या कायद्याच्या कलम 20 मध्ये जुन्या चौकटीसह उतरला. रस्त्यावर तर नाहीच, चहाच्या टपरीवरही त्याची फारशी चर्चा झाली नाही. या शांततेचा दोष केवळ लोकांच्या आळसाला देणे मला योग्य वाटत नाही. या कायद्यांचा इतिहास पाहिला तर ही उदासीनता कायद्याच्या रचनेतूनच निपजली आहे, असे दिसते.

तार कायदा 1 ऑक्टोबर 1885 रोजी अमलात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. या कायद्याच्या कलम 5 ने ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवल्यास किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेसाठी’ कोणतीही तार अडवण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि या दोन्ही शब्दप्रयोगांचा अर्थ कायद्यात कोठेही सांगितला नाही. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला, पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या कलमाची व्याप्ती वाढवण्यात आली, आणि त्याच 1898 साली टपाल कायद्याच्या कलम 26 ने हाच अधिकार पत्रांनाही लागू केला. परक्या सरकारला प्रजेचा विश्वास नव्हता, त्यामुळे असे कायदे त्याने करावेत यात नवल नाही. स्वतंत्र देशाने ते जसेच्या तसे सांभाळले, हे मात्र विचार करण्यासारखे आहे.

राज्यघटनेत खासगीपणाच्या हक्काचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. 1962 मध्ये खरक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन तपासणी करणे घटनाबाह्य ठरवले, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असेही सांगितले; न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्याच निकालात वेगळे मत नोंदवले. मुंबईतील मलकाणी प्रकरण याच्याच पुढचे. मुंबईच्या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाचेचा आरोप होता. एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला ध्वनिमुद्रक जोडला आणि 1964 मधील ते संभाषण पुरावा म्हणून न्यायालयात आले. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला. निरपराध नागरिकाच्या संभाषणात होणाऱ्या अन्यायी हस्तक्षेपापासून न्यायालये त्याचे रक्षण करतील, असे आश्वासनही निकालात होते. पण ज्याला हस्तक्षेप झाल्याचेच कळत नाही त्याने न्यायालयापर्यंत पोहोचावे कसे, हा प्रश्न तेथे निघालाच नाही. त्याच वर्षी तार कायद्याचे कलम 5 दुरुस्त झाले आणि देशाचे सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणे त्यात आली. आदेश कोणी, कोणत्या पद्धतीने आणि किती काळासाठी द्यावा, याचे नियम मात्र झाले नाहीत.

जून 1975 ची आणीबाणी संपल्यावर 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी लादण्याच्या तरतुदी कडक केल्या. तार कायद्यातील आणीबाणीला कोणी हात लावला नाही. नागरिकांचे हक्क किती सहज जातात हे नुकतेच अनुभवलेल्या पिढीकडूनही हे राहून गेले, याची खंत वाटते.

पुढच्या दशकातील तीन प्रसंग सर्वांना माहीत आहेत. 1986 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या, पत्रे अडवण्याचा सरकारचा अधिकार वाढवणाऱ्या टपाल दुरुस्ती विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. ते कधीच कायदा झाले नाही. ऑगस्ट 1988 मध्ये नेत्यांचे फोन टॅप केल्याच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे पायउतार झाले. मार्च 1991 मध्ये राजीव गांधींच्या निवासस्थानाबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडल्याच्या वादातून चंद्रशेखर यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. पाळतीच्या प्रश्नावर एक मुख्यमंत्री आणि एक पंतप्रधान जावा, इतका तो काळ जागा होता. पण या गदारोळाच्या केंद्रस्थानी नेत्यांचे फोन आणि नेत्यांची घरे होती. सामान्य माणसाचा फोन कोण ऐकतो, हे विचारायला कोणी उठले नाही.

तो प्रश्न विचारला ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने. राजकारण्यांच्या फोन टॅपिंगबाबतचा सीबीआयचा अहवाल 1991 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातून ही जनहित याचिका उभी राहिली, आणि 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फोनवरील संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. केंद्र वा राज्याच्या गृहसचिवानेच आदेश द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि सचिवांच्या समितीने त्याचा आढावा घ्यावा, असे दंडक न्यायालयाने घातले. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही याचिकाकर्त्यांची मागणी मान्य झाली नाही. परिणामी एका सचिवाने दिलेला आदेश दुसऱ्या सचिवांनी तपासायचा, अशी पद्धत पक्की झाली. 2007 मध्ये तिला तार नियमावलीच्या नियम 419-अ चे सविस्तर रूप मिळाले.

महाराष्ट्रात 1999 च्या ‘मोक्का’ कायद्याने संघटित गुन्हेगारीच्या तपासासाठी संभाषण रोखण्याची वेगळी तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली होती. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. टोळ्यांच्या खंडणीचे फोन घेऊन जगणाऱ्या त्या काळच्या मुंबईला अशा कायद्याची गरज वाटली, हे मी नाकारत नाही. मात्र त्याच 2008 च्या अखेरीस, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायदा दुरुस्त करून कलम 69 विस्तारले. त्यात ‘सार्वजनिक आणीबाणी’ची अटदेखील उरली नाही, कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारण संगणकातील माहिती मिळवण्यास पुरेसे ठरले.

आढावा कसा होतो, हे मुंबई उच्च न्यायालयात पूर्वी काम केलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या, नागरिकांच्या माहितीच्या संरक्षणावरील समितीच्या 2018 च्या अहवालातून दिसते. माहिती अधिकारात केंद्र सरकारने दिलेल्या उत्तरानुसार एकट्या केंद्राकडून दरमहा साधारण 7500 ते 9000 फोन टॅपिंगचे आदेश निघत होते. आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते, म्हणजे प्रत्येक बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश तपासायचे. आठ तासांचा पूर्ण दिवस त्यासाठी दिला तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. तेवढ्या वेळात कागदावरचे नाव वाचून होईल, कारण नाही.

नाव तरी खरे असते का, अशी शंका महाराष्ट्रातच निघाली. 2016-17 मध्ये आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने, अमली पदार्थांच्या व्यवहाराचे कारण दाखवून टॅप झाला, असे नाना पटोले यांनी जुलै 2021 मध्ये विधानसभेत सांगितले. पुणे आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. या मधल्या काळात महाराष्ट्राने हे प्रकरण कोणत्या पक्षाचा फायदा आणि कोणाचा तोटा या हिशेबानेच वाचले, आणि आदेशावरील नावाची शहानिशा मंजुरी देताना कोण करतो, हा मूळचा मुद्दा बाजूला पडला.

24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा आधार घेऊन मुंबईतील एका व्यावसायिकाविरुद्धचे केंद्राचे तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि मिळवलेली संभाषणे नष्ट करण्यास सांगितले. दुसरीकडे, डिसेंबर 2018 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने दहा यंत्रणांना संगणकातील माहिती पाहण्याचे अधिकार दिल्याची अधिसूचना निघाली, तेव्हा चार दिवस ओरड होऊन सारे शांत झाले. फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या ‘पेगॅसस’ या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 29 फोन तपासले, त्यांतील पाचांत घुसखोर सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच असल्याचे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नसल्याचे न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये सांगितले. 1986 मध्ये राष्ट्रपतींनी ज्या टपाल विधेयकावर सही केली नव्हती, त्याच्या जवळचे अधिकार 2023 च्या नव्या टपाल कायद्याच्या कलम 9 मध्ये आले, तेव्हा तो विरोध आठवणारेही फार थोडे होते.

‘कर नाही त्याला डर कशाला’ हे वाक्य या विषयावर हमखास ऐकू येते. ते म्हणणाऱ्या माणसाला, आपला फोन कधी ऐकला गेला होता का, हे शोधून काढण्याचा मार्गच कायद्याने ठेवलेला नाही. आजवर न्यायालयात वा सभागृहात बोलले ते, ज्यांच्यापर्यंत काही कारणाने बातमी पोहोचली ते: ज्यांच्याविरुद्ध खटल्यात संभाषण पुरावा म्हणून आले असे आरोपी, किंवा आतल्या गोटातून सुगावा लागलेले नेते. इतरांना तक्रार करायला घटनाच माहीत नसते, मग संताप यावा कोठून? अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यात टॅपिंगसाठी न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि टॅपिंग संपल्यावर साधारणतः 90 दिवसांच्या आत संबंधित व्यक्तीला नोटीस द्यावी लागते. जर्मनीच्या कायद्यातही नंतर कळवण्याची तरतूद आहे. आपल्याकडे दूरसंचार कायद्याखालील 6 डिसेंबर 2024 च्या नव्या नियमांतही आढावा सचिवांकडेच राहिला, कंपन्यांवर गुप्तता पाळण्याचे बंधन राहिले, गरज संपलेली कागदपत्रे ठरावीक काळाने नष्ट करण्याची तरतूद राहिली. ज्याचे बोलणे ऐकले गेले त्याला ते नंतर कधी कळवावे, असे एकही कलम त्यांत नाही.